दाढेला दहा मार्क

१९३७ सालच्या जून महिन्यात मी वडगावच्या एका इंग्रजी शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो. माझं वय एकवीस. पहिल्याच दिवशी चौथीच्या वर्गात शिरलो, तर मागच्या बाकावर मिशा असलेले एक गृहस्थ ताठ बसलेले दिसले. मला वाटलं, इन्स्पेक्टर आले. मी हात जोडले. त्यांनीही उभं राहून हात जोडले. मी घाबरून "बसा, बसा" म्हणालो. ते बसले, आणि बाकीचा वर्ग जो हसायला लागला तो गिरणी सुरू होईपर्यंत हसत होता.

ते गृहस्थ म्हणजे सावळा बुधा तळपे. इयत्ता इंग्रजी चौथी, म्हणजे आजच्या हिशेबानं आठवी. वय चोवीस. पटावर हजर.

गिरणीचं सांगायला हवं. आमची शाळा एका भातगिरणीच्या जुन्या कोठारात भरायची. कोठाराची एक भिंत गिरणीची, उरलेल्या तीन शाळेच्या. सोमवारी आणि गुरुवारी गिरणी चालायची, आणि ती सुरू झाली की मास्तरांचे फक्त ओठ हलताना दिसत. इतिहासाचा तास नेमका सोमवारी. त्यामुळे पानिपतची लढाई सलग तीन सोमवार अर्ध्यावर थांबली आणि पोरांना वाटायला लागलं की आपण बहुतेक जिंकणार. आता शाळेला दुमजली इमारत आहे, पंखे आहेत, पाण्याचे नळ आहेत. गिरणी नाही. आता पोरं पानिपत दरवर्षी वेळेवर हरतात.

पोरं सगळीकडून यायची. लोणावळ्याची रेल्वेवाल्यांची पोरं सकाळच्या पॅसेंजरनं यायची. त्यांना घाटात गाडीला मागून दुसरं इंजिन का लावतात हे ठाऊक होतं, पण ऱ्हस्व-दीर्घ ठाऊक नव्हतं. सुदुंबऱ्याकडची पोरं सायकलवर दोघं-दोघं, आणि वडगावातली, शाळेच्या समोर राहणारी, रोज दहा मिनिटं उशिरा. सावळा वर डोंगरावरून यायचा. नाणे मावळाच्या टोकाला उंबरदांड म्हणून वीस-बावीस घरांची वाडी होती, तिथला तो. वाट चार तासांची. शनिवारी शाळा सुटली की वर जायचा आणि सोमवारी पहिल्या घंटेला हजर. मधले दिवस तो आमच्या गेणू शिपायाच्या खोलीत पथारी टाकायचा.

त्याला हाक कशी मारायची, हा माझ्यापुढे मोठा प्रश्न होता. हेडमास्तर चांदोरकरांचा दंडक असा, की विद्यार्थ्याला 'अरे'च म्हणायचं. सावळ्याला 'अरे' म्हणायला माझी जीभ वळेना. त्याला बायको होती, घर होतं, दोन बैल होते. माझ्याकडे एक ट्रंक होती. बरं, 'अहो' म्हणावं तर शिस्त मोडणार. शेवटी मी मधला मार्ग काढला. "सावळ्याने उभे राहावे." "सावळ्याने फळ्याजवळ यावे." "सावळ्याने गृहपाठ केलेला दिसत नाही." वर्षभर मी त्याच्याशी म्युनिसिपालिटीच्या नोटिशीच्या भाषेत बोललो. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. तोही मला त्याच भाषेत उत्तर द्यायचा. "सावळ्यानं केलता मास्तर, पन वही वढ्यात भिजली."

इतक्या उशिरा तो शिकत का होता, तर वाडीसाठी. उंबरदांडला शाळा मंजूर होऊन चार वर्षं झाली होती, पण मास्तर टिकत नव्हता. पहिला मास्तर आला तो श्रावणात अंगाला जळवा लागल्यावर खाली उतरला, तो परत वर चढलाच नाही. दुसऱ्याला वाडी सापडलीच नाही. तो तीन दिवस डोंगरात हिंडला आणि 'सदर गाव अस्तित्वात नाही' असा रिपोर्ट देऊन मोकळा झाला. तेव्हा वाडीनं ठरवलं, मास्तर आपलाच पाहिजे. आणि शाळाखात्याच्या कुणा साहेबानं एका कागदावर लिहून दिलं : सावळा बुधा तळपे हा यंदा इंग्रजी चौथी पास झाल्यास त्यास उंबरदांड येथे मास्तर नेमण्यास हरकत नाही, न झाल्यास सदर शाळा रद्द करून अन्य गावी द्यावी.

तो कागद सावळा टोपीच्या घडीत ठेवायचा. वर्गात डुलकी यायला लागली की टोपी काढून कागद चाचपायचा आणि पुन्हा टोपी घालायचा.

मला शिकवायला विषय मिळाला तो सामान्य विज्ञान. त्या साली वरून हुकूम आला होता, की खेड्यापाड्यातल्या शाळेत मुलांना सगळं आलं पाहिजे. सगळं म्हणजे शरीर, आरोग्य, माती, खतं, हवा, पाणी आणि किरकोळ सुतारकाम. हे सगळं एकाच पुस्तकात शिवून त्याला सामान्य विज्ञान म्हटलं होतं. शाळेतले बाकीचे मास्तर विशेष असल्यामुळे जे सामान्य होतं ते माझ्याकडे आलं. मी पुण्यात वाढलेला. भात ताटात येतो तेव्हापासूनच माझी त्याची ओळख. तरी मी मातीचे प्रकार शिकवले. समोर बसलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी ते निमूट लिहून घेतले. ती फार सोशिक पोरं होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी दातांचं प्रकरण शिकवलं. पटाशीचे दात, सुळे, दाढा. खडूनं फळ्यावर जबडा काढला, तो इतका बरा जमला की गेणूनं दोन दिवस पुसला नाही. त्या आठवड्यात सावळा नव्हता. त्याला मुलगी झाली म्हणून तो वर गेला होता. परत आल्यावर त्यानं सगळ्या वर्गाला गूळ वाटला, मलाही दिला. काय शिकवलं ते त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

एप्रिलात वार्षिक परीक्षा झाली. माझी प्रश्नपत्रिका मी फार मन लावून काढली होती. तिसरा प्रश्न मातीबद्दल होता, पाचवा पचनाबद्दल. मधला चौथा असा :

'दाढ म्हणजे काय? तिची निगा कशी राखावी? दाढ खराब होण्याची कारणे सांगा. (गुण १०)'

परीक्षा सुरू होऊन तासभर झाला असेल. मागच्या बाकावर सावळा उभा राहिला.

"मास्तर, चवथ्यातली दाढ म्हंजी आपली नेहमीचीच ना?"

"नेहमीचीच," मी म्हणालो. "आता दुसरी कुठली असणार?"

"आन् समदं लिवायचं?"

"जेवढं माहीत असेल तेवढं सगळं लिहावे."

सावळा खाली बसला. वर्षभरात पहिल्यांदाच मी त्याला परीक्षेत हसताना पाहिलं. मग त्यानं बाह्या सारल्या आणि पुरवणी मागितली. मला आनंद झाला. आपण शिकवलेलं कुणाला तरी पुरवणी लागेपर्यंत आठवतंय, हे मास्तराच्या आयुष्यात फार वेळा होत नाही.

पेपर तपासायला बसलो तो खोलीवर, भर दुपारी. सावळ्याचा पेपर हाती आला. हृदयाची आकृती काढा म्हटलं होतं, तिथं त्यानं पिंपळाचं पान काढलं होतं. पान म्हणून ते उत्तम होतं. मी शून्य देऊन पुढे गेलो. मग चौथा प्रश्न. ते उत्तर मला अजून पाठ आहे.

'दाढ ही उंच जागी व पाण्याचा निचरा होईल अशी धरावी. चैत्र-वैशाखात दाढ भाजून घ्यावी. भाजण्यासाठी प्रथम शेणाचा थर, त्यावर झाडाच्या डहाळ्या, त्यावर पालापाचोळा, त्यावर गवत व सर्वांत वर बारीक माती घालावी. नंतर पेटवावी. आग वाऱ्याविरुद्ध सरकेल अशी लावावी, म्हणजे दाढ सावकाश व खोलवर भाजते. दाढ नीट न भाजल्यास तण माजते. दाढेस काटेरी कुंपण करावे, अन्यथा गुरे आत शिरतात. पहिले आठ दिवस पाखरे हाकलण्यास घरातील एक माणूस दाढेवर बसवावे. साधारण एकवीस दिवसांनी दाढ उपटावी. उपटतेवेळी मूळ तुटू देऊ नये. दाढ खराब होण्याची कारणे : पाऊस लांबणे, पाणी तुंबणे व खेकडे. खेकडे दाढ कुरतडतात. त्यांस पकडून खावे.'

मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना माझा हात नकळत गालावर गेला. दुसऱ्यांदा वाचताना मला राग आला. हा घोडा माझी टिंगल करतोय! वर्षभर मी याच्याशी इतक्या अदबीनं बोललो, आणि हा दाढेत गुरं घालतोय? मी लाल पेन्सिलीनं शून्य काढलं. रागात काढल्यामुळे ते फार गोल आलं.

बेरीज झाली अठ्ठावीस. पास व्हायला पस्तीस हवे होते. बाकी सगळ्या विषयांत सावळा पास होता, संस्कृतातसुद्धा. चांदोरकर कृपेचे गुण देत नसत. कृपा करायला वर परमेश्वर आहे, आपण फक्त बेरीज करायची, असं ते म्हणत.

निकाल शनिवारी सकाळी लागला. पोरं फलकाभोवती गर्दी करून उभी होती. सावळा सगळ्यांच्या डोक्यावरून वाचू शकत होता. त्यानं वाचलं. टोपी काढली, कागद चाचपला, टोपी घातली आणि गेणूच्या खोलीकडे गेला.

थोड्या वेळानं गेणू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. गेणू वडगावचाच, घरचा भातशेतकरी, आणि नोकरीनं शिपाई. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घंटा सेकंदाबरहुकूम द्यायचा.

"मास्तर, सावळा पथारी बांधतोय."

"मग? नापास झालाय तो."

"कशात म्हनं?"

"दाढेचं उत्तर साफ चुकलं. दहातले शून्य."

गेणू माझ्याकडे बघत राहिला. "सावळ्याची? दाढ चुकली? अवो, काय बोलता काय! त्याची दाढ बघाया लोक चालत जात्यात."

"बघायला?"

"व्हय तर! मी सोता गेलतो मागल्या साली. काय दाढ व्हती! हिरवीगार, लवलव लवलव."

"हिरवी? अरे, मग ती काढून टाकायला हवी."

"काडली की. समद्या वाडीनं मिळून काडली. बायका गानी म्हनत व्हत्या."

"सगळ्या वाडीनं? एक दाढ?"

"येकच कशी? चांगली ह्या शाळंयवढी व्हती."

मी खुर्चीत बसलो. गेणूला माझी दया आली असावी. त्यानं आवाज खाली आणला, जसा तो पहिलीतल्या पोरांशी बोलताना आणायचा. "मास्तर, तुमच्याकडं पुन्यात काय म्हनत्यात ठाव न्हाई. भाताचं बी पयलं जितं टाकत्यात ना, ती दाढ. तितं रोप तयार व्हतं. मंग ते उपटून खाचरात लावायचं. आता दाढच न्हाई म्हनलं, तर तुमी भात खाता कुटनं?"

"आणि ही?" मी तोंड उघडून बोट आत घातलं.

"त्यो मागचा दात," गेणू म्हणाला. "डोंगरावरची मानसं त्याला दातच म्हनत्यात. आमी हितं खाली दोन्हीला दाढ म्हनतो. पन आमाला कळतंय की कुटली भाजायची."

'आपली नेहमीचीच ना?' त्यानं मला विचारलं होतं. आणि मी म्हणालो होतो, नेहमीचीच. आता दुसरी कुठली असणार?

पेपर घेऊन मी चांदोरकरांच्या खोलीत गेलो. ते निकालपत्रक लिहीत होते. चारच्या पॅसेंजरनं ते पुण्याला साहेबाकडे जायचं होतं, आणि दोन वाजले होते. त्यांनी माझं सगळं ऐकलं, पेपर वाचला, आणि माझ्यासारखाच त्यांचाही हात गालाकडे गेला. पण ते हेडमास्तर असल्यामुळे त्यांनी तो मध्येच थांबवून चष्म्याकडे नेला.

"मोडक, प्रश्न शरीरशास्त्रातला आहे."

"प्रश्नपत्रिकेवर तसं कुठं आहे, सर? वर मातीचा प्रश्न आहे, खाली पचनाचा. दाढ मध्ये आहे."

"वर्गात काय शिकवलं होतं?"

"तो हजर नव्हता. आणि परीक्षेत त्यानं मला विचारलं होतं. मीच होय म्हणालो."

चांदोरकरांनी शास्त्रीबुवांना बोलावलं. शास्त्रीबुवा संस्कृत शिकवायचे आणि शब्दांच्या भांडणात त्यांचा शब्द शेवटचा असे. त्यांनी डोळे मिटले. "दंष्ट्रेपासून दाढ, हे निर्विवाद. परंतु शेतातील दाढ ही दग्ध या शब्दापासून निघाली असल्यास नवल नाही. जी दग्ध केली जाते ती दाढ. तसे असल्यास हे दोन भिन्न शब्द असून योगायोगाने एकाच वेषात हिंडत आहेत." मग डोळे उघडून म्हणाले, "संस्कृतात पोराला एक्केचाळीस आहेत. मी हे सहज सांगितलं."

चांदोरकरांनी टाक खाली ठेवला. "ठीक. प्रश्न संदिग्ध होता, असं परीक्षकानं लेखी दिलं तर उत्तर पुन्हा तपासता येईल. पण मोडक, ते तुमच्या नोकरीच्या पुस्तकात जाईल. जूनमध्ये तुम्हाला कायम करायचं की नाही, हे ठरायचं आहे. शाळा चालवणाऱ्या मंडळाची माणसं ते पुस्तक वाचतात."

मी लगेच हो म्हणालो, असं मला लिहायला आवडलं असतं. मी लगेच हो म्हणालो नाही. खिडकीतून गेणूची खोली दिसत होती. दारात सावळा पथारीची दोरी आवळत होता, आणि आवळून झाली की सोडून पुन्हा आवळत होता. त्याला वर जायचं होतं आणि जायचं नव्हतं. वर गेल्यावर वीस घरांना काय सांगायचं हे तो ठरवत असावा. मी कागद घेतला आणि लिहून दिलं.

"आता तपासणार कोण?" चांदोरकर म्हणाले. "तुम्हाला यातलं काही कळत नाही, हे तुम्हीच आत्ता लेखी दिलंय. मला कळत नाही. नियम असा आहे की जो विषय जाणतो त्यानंच परीक्षक व्हावं."

"पुण्याच्या शेतकी कॉलेजात एक गृहस्थ माझ्या ओळखीचे..." शास्त्रीबुवांनी सुरुवात केली.

"गाडी चार वाजता आहे," चांदोरकर म्हणाले, आणि त्यांनी टेबलावरची घंटी वाजवली.

गेणू आत आला.

"गेणू, खाली बस. नको, खुर्चीवर बस."

गेणू खुर्चीच्या अगदी कडेला बसला. बसल्यावर त्याला टोपी काढावी की ठेवावी हे कळेना. चांदोरकरांनी त्याला सगळं समजावलं : उत्तर वाचून दाखवलं जाईल, दहापैकी किती द्यायचे ते त्यानं सांगायचं, आणि त्याचा निर्णय अखेरचा. सावळ्याला बोलावून दाराशी उभं केलं. मी वाचायला लागलो.

गेणू डोळे बारीक करून ऐकत होता. प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, कधी उभी, कधी आडवी. प्रत्येक आडव्या मानेनंतर मी पुढचं वाक्य जरा मोठ्यानं वाचत होतो. मी खेकड्यांपर्यंत पोचलो. 'त्यांस पकडून खावे' या वाक्याला गेणूनं मांडीवर थाप मारली. चांदोरकर कोकणस्थ शाकाहारी. त्यांनी क्षणभर डोळे मिटून घेतले.

"बरं," ते म्हणाले. "किती?"

गेणूनं दोन्ही हातांची बोटं पसरली. मग एकेक मिटायला लागला. "दाढ भाजल्यावर नांगरायची, ते लिवलंच न्हाई. येक गेला. बी किती टाकायचं, ते न्हाई. येक गेला. राख समदीकडं सारखी पसरायची, ते न्हाई. येक गेला. आन् वारा पडल्याबिगर दाढ पेटवायची न्हाई, ह्यो वाऱ्यात पेटवाया सांगतोय. येक गेला." त्यानं उरलेली बोटं मोजली. "सा."

सात हवे होते.

चांदोरकर, ज्यांनी आयुष्यात कुणाला अर्धा गुण वाढवून दिला नव्हता, ते खाकरले. "गेणू, नीट मोजलेस ना? सहाच?"

"साच."

"तुला ठाऊक आहे ना, की..."

"समदं ठाव हाय सायेब," गेणू म्हणाला. "त्यो माज्याच खोलीत ऱ्हातो. माज्याच ताटात जेवतो. पन उद्या ह्यो वर जाऊन पोरांला शिकवनार. पोरं घरी जाऊन सांगनार. लोक इचारतील, ह्याला सात कुनी दिलं? गेणूनं? गेणूला दाढ कळती का न्हाई?"

तेव्हा सावळा बोलला. "गेणूभाऊ, बी ऱ्हायलं, कबूल. राख ऱ्हायली, कबूल. नांगरट बी ऱ्हायली. पुरवनी संपलीती. पन वारा?"

"वाऱ्याचं काय?"

"वारा पडल्यावर पेटवायची म्हनताय. तुमच्या हितं खाली वारा पडतो. सांच्याला पार पानबी हलत न्हाई. आमच्याकडं वर या येकदा. वारा पडायची वाट बगत बसलो, तर दाढ दिवाळीला भाजंल."

"मंग काय करता?"

आणि सावळा पुढे आला. वर्षभर जो माणूस 'व्हय मास्तर' आणि 'न्हाई मास्तर' यापलीकडे फारसा गेला नव्हता, तो हेडमास्तरांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्यानं दौत उचलून एका बाजूला ठेवली, हा डोंगर. निकालपत्रक आडवं धरलं, ही दाढ. तोंडानं फुंकून दाखवलं, हा वारा. वारा ज्या अंगाला जातो त्या अंगाला विस्तव लावायचा. मग आग वाऱ्याच्या तोंडावर चालते. पळू शकत नाही. एकेक वीत सरकते आणि खाली मुरते. वाऱ्याबरोबर सोडली तर वरचं गवत जाळून पळून जाते आणि खाली तण जिवंत राहतं. "आमचा वारा आमाला शत्रू न्हाई भाऊ. त्याला तोंड करून हुबं ऱ्हायाचं, येवडंच."

शास्त्रीबुवा उठून टेबलाशी आले होते. चांदोरकरही उठले होते. मी खडू शोधत होतो. का, ते मला अजून सांगता येणार नाही. वर्गात असताना कुणी मुद्द्याचं बोललं की फळ्यावर लिहून घ्यावंसं वाटतं, तसं काहीतरी असावं.

गेणू निकालपत्रकाकडे बघत विचार करत होता. मग त्यानंही एकदा हळूच फुंकून पाहिलं.

"ह्ये खरं हाय," तो म्हणाला. "आमचा चुलता सांगायचा, वरचे लोक वाऱ्यात भाजत्यात म्हनून. आमी त्यास्नी येडं म्हनायचो." त्यानं एक बोट उघडलं. "वाऱ्याचा येक परत. सात."

"आठ नाही?" मी न राहवून विचारलं.

"बी किती ते लिवलं का?"

"नाही."

"मंग?"

चांदोरकरांनी अठ्ठावीस खोडून पस्तीस लिहिले, बाजूला सही केली, आणि सहीखाली 'तपासणार : गेणू शिपाई' असं लिहून गेणूचा अंगठा घेतला. निकालपत्रक चारच्या गाडीनं गेलं. माझ्या नोकरीच्या पुस्तकात 'प्रश्न काढताना काळजी घ्यावी' असा शेरा पडला, तो निवृत्तीपर्यंत तिथं होता. त्या पुस्तकातलं माझ्याबद्दलचं तेवढं एकच वाक्य खरं आहे. मंडळानं मला जूनमध्ये कायम केलं, कारण बहुधा त्यांच्यातले चौघं भातवाले होते, आणि त्यांना ती गोष्ट गिरणीवर आधीच कळली होती.

साहेबाचा हुकूम मे महिन्यात आला. शाळा उंबरदांडलाच. चांदोरकरांनी जुन्या सामानातून एक फळा काढून दिला. त्याला कोपऱ्यात चीर गेली होती, पण मधला भाग ठीक होता. सावळ्यानं डोक्यावर चुंबळ ठेवली, फळा चढवला आणि चालायला लागला. खडूचा डबा आणि डस्टर घेऊन मी मागं निघालो. मास्तरानं मास्तराला पोचवायला जायला हवं, असं काहीतरी मी चांदोरकरांना सांगितलं होतं.

पहिले दोन तास बरे गेले. खाचरांमध्ये दाढा भाजून झाल्या होत्या, काळे काळे तुकडे सगळीकडे दिसत होते, आणि मी प्रत्येकापाशी थांबून तो कसा भाजलाय हे सावळ्याला सांगत होतो. तो "व्हय मास्तर" म्हणत होता. मग चढ लागला आणि मी बोलायचा थांबलो. आणखी एका तासानं सावळा दोन वळणं वर होता, आणि मी डबा पोटाशी धरून, एका हातानं कारवीची खोडं पकडत येत होतो. वर फक्त फळा दिसायचा. काळा चौकोन, वाऱ्यात किंचित हलत, डोंगर चढत चाललेला.

वाडीची माणसं खिंडीत येऊन बसली होती. साहेबाचा हुकूम काय आला हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. सावळ्याची बायको चिंगी पोरीला उराशी धरून पुढं आली. सावळ्यानं फळा खाली टेकवला तेव्हा तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि बोट काळं झालंय का ते पाहिलं. सगळ्यांत म्हातारी सावित्राबाई काठी टेकत आली. तिला दिसायचं कमी.

"सावळ्या, कुनाच्या घरचं दार आनलंस रं?"

"साळंचं हाय आजी."

म्हातारीनं फळ्यावर काठीनं दोनदा ठोकून पाहिलं. "आन् बाकीची साळा कुटंय?"

सावळ्यानं मागं वळून वाटेकडे पाहिलं. मी तेव्हा शेवटच्या वळणाच्या खाली एका धोंड्याला मिठी मारून उभा होतो, पण वाऱ्यावर बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"ती येतीया मागनं," सावळा म्हणाला. "जरा दम लागलाय तिला."

मग दोन पोरं धावत खाली आली. एकानं माझ्या हातातला खडूचा डबा घेतला, आणि दुसऱ्यानं मला.